बसायला दिलेली जॅकेटं

कसबा पेठेतल्या माणसानं कात्रज ओलांडायचं म्हणजे आमच्याकडे परदेशगमनच. त्यामुळे निघताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या आणि आमच्या ह्यांचा स्वेटर एवढं सामान झालं. भर मार्चमध्ये स्वेटर कशाला, असं मी विचारलं नाही. सुनेचे वडील मधुकरराव भंडाऱ्याहून पाहुणे आले होते, आणि व्याह्यांसमोर नवऱ्याला प्रश्न विचारायचे नसतात.

ज्यांच्या जिल्ह्यात गावोगाव तळी, त्यांना पुण्याचं तळं दाखवायची कल्पना ह्यांचीच. मला धास्ती वेगळीच होती. मुलाच्या लग्नाच्या बोलण्यांत ह्यांनी सांगून ठेवलं होतं की लहानपणी आपण पुलावरून मुठेच्या पुरात उड्या मारायचो. खरं तर ह्यांना पोहता येत नाही. बादलीत पाय बुडवायचे तरी हे भिंतीला धरतात.

बसनं कात्रज मागं टाकलं, पुढे रिक्षा केली आणि तळ्यावर पोचलो. तळ्याचं नाव सांगत नाही, उगाच तिथे गर्दी व्हायची. पाणी हिरवट, काठाला पाणकणसं, पलीकडे टेकडीवर नव्या इमारती. मधुकररावांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"आमच्याकडं एवढ्याले बोडी म्हणतेत जी," ते म्हणाले. (बोडी म्हणजे लहान तळं.)

"पुण्यात जागाच कमी," हे म्हणाले. यजमानांनी हार मानायची नसते.

धक्क्यावर नावाडी मोबाईल बघत होता. त्यानं मला नारिंगी जॅकेट घातलं. त्याचं बक्कल तुटलेलं होतं, म्हणून पुढून सुतळीची पक्की गाठ मारली. बाकीची जॅकेटं होडीतल्या फळ्यांवर पसरून, सुतळीनंच आवळून बांधली होती.

"ही अशी का हो?" मी विचारलं.

"बायका-मुलांना घालायला, जेन्ट्सना बसायला. मऊ लागतं. आणि बांधली नाहीत तर लोक उचलून नेतात."

पुरुषांना बुडवायचं नाही, असं पाण्याला बहुधा परस्पर कळवलेलं असावं.

"ह्या दोघांनाही जॅकेटं सोडून द्या," मी म्हणाले.

"अहो काकू, मोठ्या माणसांना काय सांगायचं! साहेब, हवंय का जॅकेट?"

ह्यांनी मधुकररावांकडे पाहिलं. मधुकररावांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मुठेच्या पुरात उड्या मारणारा जॅकेट कसं मागणार? "मला नको, पण व्याह्यांना द्या," हे म्हणाले. "छे जी, तुमी घाला," मधुकरराव म्हणाले. असा एकमेकांचा मान राखून झाल्यावर दोघंही बिनजॅकेटचे जॅकेटांवर बसले. नावाड्यानं वल्हं मारलं. त्याची जबाबदारी बहुधा तेवढीच होती.

तळ्याच्या मध्यावर वारा छान होता. मी दशम्या काढल्या. तेवढ्यात होडी वळली आणि मधुकररावांच्या तोंडावर ऊन आलं. व्याह्यांच्या डोळ्यांत ऊन आणि आपली उन्हाकडे पाठ, हे ह्यांना कसं सोसावं? "इकडे या, इकडे या," म्हणत हे उठले. यजमान उभा राहिल्यावर बसून राहणं बरं नव्हे म्हणून मधुकररावही उठले. दोघंही एकाच बाजूला. होडी कलली आणि हे पाण्यात गेले.

यापुढचं मला चेष्टेनं लिहिता येत नाही. ह्यांचं डोकं एकदा वर आलं आणि पुन्हा गेलं. मी अंगातलं जॅकेट काढून फेकायला गेले, तर ती गाठ सुटेना. नावाडी फळीवरच्या सुतळीला दातांनी ओढत होता. होडीभर जॅकेटं होती आणि ह्यांच्या हाताला एकही लागत नव्हतं. मी नुसती ओरडत होते. शेवटी नावाड्यानं जॅकेटांचा नाद सोडून वल्हं पुढे केलं. ह्यांनी ते धरलं आणि आम्ही तिघांनी मिळून ह्यांना ओढून घेतलं.

पाणी तिथे फार खोल नव्हतं, असं नावाड्यानं नंतर सांगितलं. बुडणाऱ्याला तशी कल्पना आधी द्यायची पद्धत नसावी.

काठावर ह्यांना स्वेटर घातला. तेवढा तो उपयोगी पडला. हे कुडकुडत व्याह्यांना म्हणाले, "मधुकरराव, मला पोहता येत नाही. पुरातल्या उड्या थाप होती."

मधुकररावांनी ह्यांच्या स्वेटरची बाही खाली ओढून दिली. "मलेही येत नाही जी," ते म्हणाले. "तळ्याकाठचा माणूस, म्हनून कोनी इचारतच नाही."

धक्क्यावर एक नवं कुटुंब आलं होतं. नावाडी त्यातल्या बाईंना जॅकेट घालत होता. त्यांच्या नवऱ्यानं आपल्यासाठी विचारलं नाही, नावाड्यानंही नाही. हे ओल्या चपला वाजवत परत गेले.

"अहो, तुम्ही मला विचारायचंच नव्हतं," हे नावाड्याला म्हणाले. "घातल्याशिवाय होडीत चढू द्यायचं नव्हतं. मी नकोच म्हणणार होतो. ह्या साहेबांना तरी विचारू नका."

आमचा पुणेरी माणूस अनोळखी माणसासमोर इतकं खरं बोललेला मी प्रथमच पाहिला. नावाडी खाली वाकून फळीवरची सुतळी सोडू लागला. आम्हाला लवकर कटवायला की खरोखरच पटून, ते माहीत नाही. पण त्या नवऱ्याच्या अंगात जॅकेट चढेपर्यंत हे तिथून हलले नाहीत.

परतीच्या बसमध्ये खिडकीची एकच जागा रिकामी होती. "तुम्ही बसा," असं कोणी कोणाला म्हटलं नाही. हे सरळ जाऊन बसले. मधुकरराव शेजारी बसले आणि कसबा पेठ येईपर्यंत त्यांनी ह्यांच्या ओल्या बाहीवरचा हात काढला नाही.