कपाटाची किल्ली
डांबरगोळ्यांचा वास आला की दवाखान्यातलं ते लोखंडी कपाट आठवतं. नर्सिंग करून मी आळेफाट्याला नोकरीला लागले, तेव्हा मधेच सोडून जाऊ नये म्हणून माझी मूळ प्रमाणपत्रं त्यात कुलपात गेली. पुढं सरकारी भरतीत नाव लागलं, कागद तपासायला पुण्याला बोलावलं. आदल्या दिवशी राजुरीहून वडील आले आणि हेडसिस्टरपुढं हात जोडून उभे राहिले. "ताई, पोरीचं कागद तेवढं द्या, लई उपकार व्हतील." "किल्ली डॉक्टर घेऊन गेलेत, बाबा." पुण्यात झेरॉक्सला कोण विचारतो! जागा गेली. किल्ली कायम हेडसिस्टरच्याच खिशात असते, हे मला तिची खुर्ची मिळाल्यावर कळलं. परवा डिंभ्याहून एका नव्या सिस्टरचे वडील आले, तसेच हात जोडून. खिशातली किल्ली मुठीत धरून मी म्हणाले, "डॉक्टर घेऊन गेलेत, बाबा."