एकदा कापलं की परत नाही

खोकं टेबलावर ठेवलं की वहिनी आधी त्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायच्या. मग ते उलटंपालटं करून बारकोड कुठल्या बाजूला आहे ते शोधायच्या, कात्री उघडायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

"कापू? पाहा बरं. एकदा कापलं की परत नाही."

मी आपला "कापा" म्हणायचो. मला कसली घाई असायची कोण जाणे.

त्या काळात अमेरिकेत राहिलेल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. रविवारच्या पेपरात रंगीत पुरवणी यायची आणि तिच्यात हार्ड डिस्क, प्रिंटर, राउटर असं सगळं जवळजवळ फुकट असायचं. फुकट, पण नंतर. दुकानात पूर्ण पैसे मोजायचे, घरी येऊन खोक्यावरचा बारकोड कापायचा, तो फॉर्म आणि पावतीसोबत कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या पत्त्यावर पोस्टानं पाठवायचा आणि सहा ते आठ आठवडे वाट बघायची. मग चेक येणार. निदान फॉर्मवर तसं छापलेलं असायचं. याला मेल-इन रिबेट म्हणत. पुठ्ठ्याला एकदा भोक पडलं की दुकानदार ती वस्तू परत घेत नसे, म्हणून वहिनींचा तो प्रश्न.

वहिनी म्हणजे ट्रॉय या अमेरिकेतल्या गावात माझ्या वरच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या. त्यांचे यजमान, आमचे दादा, गाड्यांच्या एका कंपनीत काम करायचे, मुलगी शाळेत होती. मी पुण्याहून नवाकोरा उतरलेलो. त्यांचं नाव आमच्यापैकी कुणी कधी घेतलं नाही. लग्न न झालेल्या आम्हा सगळ्या पोरांच्या त्या वहिनीच होत्या, आणि त्यांना स्वतःचं एक नाव आहे याचा विचार मी तरी फार उशिरा केला.

नागपुरात त्या विमा कंपनीच्या ऑफिसात क्लेमच्या खिडकीत बसत. दादांना इकडची नोकरी मिळाली तेव्हा बिनपगारी रजा टाकून आल्या. त्यांचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला आणि त्यावर काम करायला मनाई. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर त्या म्हणायच्या, "रजेवर आहे." बायका हसायच्या. वर्षामागून वर्षं गेली तरी वहिनी रजेवरच.

तेव्हा आम्हा सगळ्यांच्या रिबेटचं काम त्यांनी अंगावर घेतलं ते काही परोपकार म्हणून नाही. हाताला सवय होती आणि हात रिकामे होते. रविवारी त्या तर्री-पोहे करायच्या, आम्ही पोरं आपापली खोकी घेऊन वर जायचो, आणि त्यांचं ऑफिस उघडायचं.

"क्लेम नाकारायला कारण लागतं," त्या सांगायच्या. "आपण कारण द्यायचं नाही. बस."

कारण न देणं म्हणजे काय, ते त्यांच्याकडूनच शिकावं. अक्षरं सगळी कॅपिटल, काळ्या शाईत. पत्त्यावर पारदर्शक चिकटपट्टी, म्हणजे बर्फात पाकीट भिजलं तरी शाई पसरायला नको. प्रत्येक कागदाची लायब्ररीत जाऊन झेरॉक्स. माझा फॉर्म तर त्या माझ्या हातून काढूनच घ्यायच्या.

"काय लिहून राहिला हे? तुम्ही पुण्याचे लोक बोलता एवढं शुद्ध, अन् सात असा काढता?"

सगळं लिहून झालं की फॉर्म माझ्याकडे सरकवायच्या. "सही तेवढी तू कर. माझ्या सहीचं इथं काही काम नाही." हे त्या सहज म्हणायच्या. भाडेकरार दादांच्या नावावर, गाडी दादांच्या, बँकेचं खातं दादांचं. त्यांची सही लागेल असा कागद त्या घरात येतच नव्हता.

आणि एवढं करूनही चेक यायचे नाहीत. काही यायचे, नाही असं नाही. पण पुष्कळदा आठाचे बारा आठवडे व्हायचे आणि मग वहिनी फोन लावायच्या. स्पीकर चालू करून फोन ओट्यावर ठेवायचा आणि समोर पोळ्या लाटायच्या. तिकडून थांबा म्हणून वाजणारं ते संगीत त्यांना इतकं पाठ झालं होतं, की एकदा आरतीला उभं असताना त्या तेच गुणगुणत होत्या. मुलीनं त्यांना कोपरानं ढोसलं. आम्ही मागे उभं राहून आरती सोडून हसत होतो.

शेवटी तिकडून कुणीतरी पोरगं बोलायचं. "युअर रिबेट इज इन प्रोसेस, मॅम."

"डियर, आय नो इन प्रोसेस," वहिनी म्हणायच्या. "आय युज्ड टू से इन प्रोसेस. नाऊ टेल मी द ट्रूथ."

मुलगी आतून ओरडायची, "आई, नोबडी टॉक्स लाइक दॅट." पण वहिनींचा त्या पोरावर राग नसायचा. त्याचं जेवण झालं का, हेही कधीकधी विचारायच्या.

एकदा माझ्या हार्ड डिस्कचा फॉर्म परत आला. कारण काय, तर बारकोड जोडलेला नाही. तो वहिनींनी माझ्यादेखत चिकटवला होता. मी तोंडाला येईल ते बोलायला लागलो. चोर, लबाड, मुद्दाम करतात साले. वहिनींनी पातेलं पुढे ओढलं. माझ्या बशीत पोहे वाढले आणि मग म्हणाल्या, "मुद्दामच करतात असं नाही रे. मी पण केलंय."

त्यांच्या खिडकीत एक म्हातारे गृहस्थ यायचे. वर्धेकडच्या कुठल्याशा गावाहून, एसटीनं. बायको गेली होती, तिच्या पॉलिसीचे पैसे यायचे होते. म्हाताऱ्याचा हात कापायचा, त्यामुळे फॉर्मवरची सही जुन्या सहीशी जुळायची नाही. वहिनींनी त्यांना परत पाठवलं. ते पुन्हा आले, पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदाही पाठवलं.

"नियम होता," वहिनी म्हणाल्या. "खिडकीतून त्यांचा चेहरा पण नीट दिसत नव्हता, नुसता हात दिसायचा. चौथ्यांदा ते आलेच नाहीत. मी काही विचार केला नाही बापा तेव्हा. इथं येऊन, हा फोन लावून बसले, तेव्हा आठवले."

"मग आता?"

"आता काय. परत गेले ना, की खिडकीच्या बाहेर येईन. बाजूला बसवीन, पाणी देईन अन् हात धरून सही करून घेईन. कोणाला परत पाठवणार नाही."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मी माझी हार्ड डिस्क विसरलो. त्या रजेला त्या का धरून बसल्या होत्या, ते मला त्या दिवशी कळलं. नागपुरातली ती खुर्ची त्यांच्या नावाची होती.

पुढे दादांच्या कंपनीनं त्यांच्या ग्रीन कार्डची फाइल दाखल केली. ती एका टप्प्यापर्यंत सरकली की वहिनींनाही कामाचं परमिट मिळणार होतं. घरात एकदम उत्साह आला. इथल्या हॉस्पिटलांच्या विम्याचं काम शिकवणारा एक कोर्स घरबसल्या करता येतो, हे वहिनींनी शोधून काढलं. "काम पाहिजे मला. इथलं असो की तिथलं," त्या म्हणाल्या. त्यासाठी स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. त्यावरही अर्थात भलंमोठं रिबेट होतं.

दादा म्हणाले, "माझ्या नावानं टाक, सोपं पडेल."

"नाही. हा क्लेम माझ्या नावाचा."

खोकं टेबलावर आलं. वहिनींनी टकटक केली, कात्री उघडली, आणि या वेळी "कापू?" असं कुणालाच विचारलं नाही. फॉर्मवर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेन झटकलं, बाजूच्या कागदावर एकदा गिरवून पाहिलं आणि मग केली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या लाजल्या.

महिन्याभरात त्या कॉम्प्युटरचा पडदा थरथरायला लागला. मी आणि दादा खोकं घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं ते फिरवलं, कापलेल्या चौकोनातून बोट आत घालून आम्हाला दाखवलं आणि मान हलवली. वहिनींना येऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं? नियम आहे." त्या थरथरत्या पडद्यावर डोळे बारीक करून त्यांनी कोर्स पुरा केला.

रिबेट काही आलं नाही. आधी ते प्रोसेसमध्ये होतं. मग पत्र आलं की क्लेम अपात्र. का ते मात्र लिहिलेलं नव्हतं. वहिनी त्या कारण नसण्यानंच जास्त चिडल्या. त्यांनी सगळ्या झेरॉक्स पुन्हा पाठवल्या. पुढे त्या नंबरवर, हा नंबर आता चालू नाही, अशी टेप वाजायला लागली. तरी पोळ्या लाटताना त्या मधूनमधून तो लावून बघायच्या.

मी म्हटलं, "वहिनी, जाऊ द्या ना आता. एवढ्याशा पैशासाठी."

"पैशासाठी नाही रे," त्या म्हणाल्या. "माझ्या नावाचं काही यायचं होतं, ते आलं नाही."

त्यानंतरच्या हिवाळ्यात नागपूरच्या ऑफिसचं पत्र आलं. रजा यापुढे वाढणार नाही. हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. मला त्यांनी वर बोलावलं तेव्हा राजीनाम्याचं पाकीट टेबलावर तयार होतं. पत्ता कॅपिटलमध्ये, वर चिकटपट्टी. दादा खिडकीबाहेर बर्फ बघत होते.

"वकील म्हणतोय परमिट कधीही येईल," दादा म्हणाले.

वहिनींनी पाकिटावर दोनदा टकटक केली आणि दादांकडे बघितलं. "पाठवू? पाहा बरं."

दादा म्हणाले, "तुला वाटेल तसं कर." असं म्हटलं की बाईनं काय करावं? माझ्या डोळ्यांसमोर वर्धेचा तो म्हातारा आला. पण नवराबायकोच्या मध्ये मी कोण बोलणार.

"फाइल पूर्ण आहे," वहिनी स्वतःशीच म्हणाल्या. "मी सगळे कागद पाहिले. नाकारायला त्यांच्याकडे कारण नाही." आणि कोट चढवून स्वतः पोस्टाच्या पेटीपर्यंत गेल्या.

परमिट आलं नाही. पुढच्या वर्षी गाड्यांच्या कंपन्यांचे दिवस फिरले. आमच्या पार्किंगमधल्या गाड्या एकेक करून कमी व्हायला लागल्या, आणि एका शुक्रवारी दादा दुपारीच घरी आले. नोकरी गेली तशी कंपनीनं भरलेली फाइलही गेली. व्हिसा नोकरीवर होता, त्यामुळे राहायलाही फारसा वेळ नव्हता. दादांना सगळे धीर द्यायला गेले. वहिनी ओट्याशी चहा टाकत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाल्या, "कागदात काहीच चूक नव्हती रे."

मला आजही त्या वाक्याचं वाईट वाटतं. त्या रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सामान बांधायला आम्ही सगळी पोरं गेलो. वहिनींनी इतक्या वर्षांची खोकी जपून ठेवली होती, पण त्यातलं एकही धड नव्हतं. प्रत्येकाला चौकोनी भोक. आम्ही चिकटपट्टी घेऊन एकेक भोक बुजवत बसलो. तो कॉम्प्युटर मी ठेवून घेतला. पडदा थरथरतच होता, पण कचऱ्यात टाकवेना.

त्यानंतर काही महिन्यांनी नागपूरहून वहिनींचा फोन आला. दादांना पुण्यात काम मिळालं होतं, ते एकटेच तिकडे होते, मुलगी नागपूरच्या नव्या शाळेत कुरकुरत होती. वहिनी त्यांच्या जुन्या ऑफिसात गेल्या होत्या. राजीनाम्यानंतरचे फंडाचे पैसे काढायला.

"रांगेत उभी राहिले," त्या म्हणाल्या. "माझ्याच खिडकीसमोर. आत नवीन पोरगी आहे, मला ओळखत नाही. फॉर्म दिला, तर तिनं परत केला."

"का? तुमचा फॉर्म?"

"सही जुळत नाही म्हणे." त्या हसल्या. "तिचं काही चुकलं नाही. मी पाहिली ना, माझी जुनी सही. किती झपाट्यानं करत होते मी. दिवसभर नुसत्या सह्याच करायचे. इतक्या वर्षांत सही फारशी लागलीच नाही कुठं, हात विसरला."

मी म्हटलं, "तुम्ही तिला सांगितलं नाही, की तुम्ही तिथेच बसायचात?"

"काहून सांगू? मागे रांग होती," वहिनी म्हणाल्या. "सोमवारी जाईन पुन्हा. घरी करून पाहून राहिले."

त्यानंतर आमचं बोलणं विरळ होत गेलं आणि मग थांबलं. पैसे मिळाले का, हे मी विचारायला हवं होतं, ते राहून गेलं. वहिनी आठवल्या की हल्ली मला कात्री आठवत नाही, ओट्यावरचा फोनही आठवत नाही. मी कधीही न पाहिलेलं नागपुरातलं एक टेबल दिसतं. त्यावर कोरा कागद आहे, आणि वहिनी खाली मान घालून आपलं स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा लिहून बघत आहेत.