झामोशेन्स्कच्या तीन जळवा

झामोशेन्स्कला सम्राज्ञीने नगराचा दर्जा दिला, तेव्हा राजधानीतून विचारणा आली होती की तुमच्याकडे विशेष काय मिळतं ते कळवा, नगराच्या मानचिन्हाच्या ढालीवर काढायचं आहे. आजूबाजूच्या गावांनी मध, जवस, मासे कळवले. झामोशेन्स्कच्या कारकुनाने प्रामाणिकपणे लिहिलं: तळी आहेत, तळ्यांत जळवा आहेत, औषधवाले येऊन नेतात. झालं! ढालीच्या वरच्या अर्ध्यात प्रांताचं चिन्ह आणि खाली रुपेरी रंगावर तीन काळ्या जळवा. खरं बोलल्याचं बक्षीस इतकं चटकन फार थोड्यांना मिळालं असेल.

त्या मंजुरीचा एकुलता एक कागद गावच्या संग्रहालयात कापितोलिना येफिमोव्हनाच्या कपाटात होता. संग्रहालय म्हणजे दोन खोल्या, एक शेकोटी आणि भुसा भरलेला एक सांबर. तिथे ती चाळीस वर्षं काम करत होती. ज्या व्यापाऱ्यांना तिने भिंतीवर पंचवीस वर्षं रक्तपिपासू म्हटलं, त्यांना पुढे दानशूर म्हणायचा हुकूम आला. तिने पाट्या बदलल्या, खिळे तेच ठेवले. मधल्या, कामगारांच्या राज्यात गावाचं चिन्ह दातेरी चाक होतं. गावात कारखाना नव्हता, पण चाक होतं.

एकूण काय, जे सांगितलं ते तिने लिहिलं. त्यातलं एकच तिला सलत असे. बाविसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात, संत निकोलाच्या देवळातल्या घंटेला ऐतिहासिक मोल नाही, अशा कागदावर तिने सही केली होती. घंटा फोडून वितळायला नेली. घंटेच्या कडेवर ओतणाऱ्याचं नाव होतं, तेरेंती. तेव्हापासून प्रार्थनेत आईवडलांच्या नावांनंतर ती त्या तेरेंतीचं नाव घेई. हे कोणाला माहीत नव्हतं, आणि ते कोणाला सांगायचंही नव्हतं.

मग नव्या राज्यात सगळ्या गावांना आपापल्या ढाली परत हव्याशा वाटू लागल्या. झामोशेन्स्कचे नगराध्यक्ष वालेरी रोदिओनोविच सुखोपारव यांना मात्र जळवा नको होत्या. त्यांना अस्वल हवं होतं. सोनेरी, लाल पार्श्वभूमीवर, हातात तलवार घेतलेलं. जिल्ह्यात अस्वल शेवटचं कधी दिसलं ते कोणालाच आठवत नव्हतं, पण त्यांनी काढून घेतलेल्या चित्रात अस्वलाचा चेहरा वालेरी रोदिओनोविचांच्या वळणावर गेला होता.

राजधानीतलं चिन्हमंडळ आडवं आलं. जुनी मंजुरी असेल तर तीच ढाल, नसेल तर तसा संग्रहालयाचा दाखला पाठवा.

नगराध्यक्ष जातीने संग्रहालयात आले. सांबराला त्यांनी मान लवून नमस्कार केला, हा त्यांचा विनोद होता.

"कापितोलिना येफिमोव्हना, असा कागद आपल्याकडे नाही ना?"

"आहे की. दाखवू?"

"दाखवू नका हो! ओल येते इथे. ओलीत कागद टिकतात का? लिहून टाका, जुनं काही सापडत नाही म्हणून."

"पण सापडतंय ना, वालेरी रोदिओनोविच."

"अहो, नगरपालिकेच्या दारावर जळवा लावल्या तर लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ताही म्हणतातच," फरशी पुसणारी ग्लाफीरा मध्येच बोलली. "फक्त चित्र नाहीये."

नगराध्यक्षांचा आवाज गोड झाला. "तरुण मंडळी बिलियर्डसाठी जागा मागताहेत. ह्या दोन खोल्या फार छान आहेत. शुक्रवारपर्यंत दाखला आणा."

ते गेल्यावर ग्लाफीरा म्हणाली, "बाई, लिहा बापडं. अस्वलाने कोणाचं काय वाकडं केलंय? खोल्या गेल्या तर तुम्ही कुठे जाणार, ह्या सांबराबरोबर राहणार?"

"एकदा लिहिलंय गं मी असं," कापितोलिना येफिमोव्हना म्हणाली.

शुक्रवारपर्यंत तिने दाखला लिहिला. सुवाच्य अक्षरात, एक पान भरून: मंजुरीचा मूळ कागद आहे, सुस्थितीत आहे, त्यावर तीन जळवा आहेत, सोबत नक्कल जोडली आहे. देवाचं नाव घेऊन ती कचेरीत गेली. वालेरी रोदिओनोविच टेलिफोनवर कुणाला तरी पाइक माशाबद्दल सांगत होते. समोर सह्या करायच्या कागदांचा ढीग होता.

"दाखला आणलाय. एकदा वाचून घ्या."

त्यांनी टेलिफोनवर हात ठेवला. "लिहिलात ना? शाब्बास!" आणि सही केली.

"वाचा हो. मी हवं तर थांबते."

"मी वाचत बसलो तर गाव कोण चालवणार?" त्यांनी स्वतःच्या हाताने शिक्का मारला. कडक मारला, शाई पलीकडे उमटली.

शरद ऋतूत राजधानीतून उत्तर आलं. झामोशेन्स्कच्या तीन जळवांची नोंद झाली होती, आणि ऐतिहासिक सत्याची एवढी कदर करणाऱ्या नगराध्यक्षांचं मंडळाने खास अभिनंदन केलं होतं. प्रांताच्या वर्तमानपत्राने त्यांच्या फोटोसकट ते छापलं. फोटो आणि ढाल शेजारी शेजारी.

त्याच दुपारी वालेरी रोदिओनोविच संग्रहालयात आले. सांबराला नमस्कार वगैरे काही नाही.

"तुम्ही मला फसवलंत!"

"दोनदा म्हटलं वाचा. थांबते म्हणाले."

"खोल्या काढून घेईन!"

"घ्या. का घेतल्या, ते मात्र लोकांना सांगावं लागेल. न वाचता सही केली, असं सांगाल?"

वालेरी रोदिओनोविच खुर्चीत बसले. ग्लाफीराने न विचारता चहा आणि जॅमची बशी पुढे ठेवली. त्यांनी सगळा जॅम संपवला. तीन आठवड्यांवर नगरदिन होता, राज्यपाल यायचे होते, पडदा सरकवून ढाल दाखवायची होती, आणि त्याआधी पंधरा मिनिटं भाषण होतं.

"ह्या... जळवेबद्दल," शेवटी ते म्हणाले, "बरं असं काही बोलता येईल का?"

"पुष्कळ. ती दूषित रक्त ओढून घेते. माणूस बरा होतो."

"आणि मग?"

"पोट भरलं की आपणहून सोडते."

ग्लाफीरा फडकं घेऊन दाराआड गेली, आणि तिथून तिला खोकल्याची ढास लागल्यासारखा आवाज येऊ लागला.

वालेरी रोदिओनोविचांनी खिशातून पेन काढलं. "ते शेवटचं वाक्य," ते म्हणाले, "भाषणात नको."