कामठीचा फॉरवर्ड

धम्मपाल वासनिक जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आला तेव्हा त्याने नुकतीच चाळिशी ओलांडली होती, आणि पोटाने शर्टाची बटणं. एका संशोधन संस्थेत तो सिमेंटच्या चाचण्या करायचा. पहिला हिवाळा बसून काढल्यावर त्याची बायको कीर्ती म्हणाली, "अहो, लग्नाआधी सांगत होतात ना, फॉरवर्ड होतो म्हणून? कोपऱ्यावरच क्लब आहे. चला, मी येते नाव घालायला."

इथेच पंचाईत होती. फुटबॉलवेड्या कामठीच्या एका संघात तो होता, हे खरं. पण तीन मोसमांत मैदानावर उतरला एकूण एकवीस मिनिटं, तीही मुख्य फॉरवर्डला कावीळ झाली म्हणून. मुलगी बघायला गेल्यावर त्या एकवीस मिनिटांची कारकीर्द झाली. हे आता तो स्वतःच हसत सांगतो.

चाळिशीपुढच्यांच्या संघाचा ट्रेनर होता युर्गन. "कुठे खेळतोस?" त्याने विचारलं. कीर्ती शेजारीच उभी. धम्मपाल म्हणाला, "फॉरवर्ड."

युर्गनने त्याचा सराव पाहिला आणि त्याचं नाव यादीत लिहून टाकलं. पहिल्या सामन्याआधी समोरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा भारतातल्या फुटबॉलच्या गावचा!" झालं! दोन बचावपटू सत्तर मिनिटं धम्मपालला चिकटून राहिले. त्याला चेंडू लागला चारदा, त्यात एकदा कानाला. उरलेल्या मोकळ्या मैदानात बाकीच्यांनी तीन गोल घातले.

असे दोन मोसम गेले. धम्मपालने भारीतले बूट घेतले, कामठीला फोटो पाठवले. तिसऱ्या मोसमात बिंग फुटलं. एका आळशी बचावपटूने त्याला मोकळाच सोडला. गोलकीपर आडवा पडलेला, जाळी रिकामी, चेंडू पायाशी. धम्मपालने असा फटका मारला की चेंडू कुंपणापलीकडच्या भोपळ्यांत जाऊन पडला. बागेच्या मालकीणबाईंनी तो परत दिला, पण आधी दहा मिनिटं सुनावलं. त्यानंतर त्याला कोणी अडवेना, आणि संघ हरू लागला.

शेवटी तो युर्गनकडे गेला. "मी खोटं बोललो. कामठीत मी राखीव होतो."

युर्गन जाळी गुंडाळत होता. "हो, पहिल्याच दिवशी कळलं."

"मग घेतलंस कशाला?"

"अरे, आम्ही दहाच जण होतो."

घरी येऊन त्याने कीर्तीलाही सांगून टाकलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुमच्या दादांनी साखरपुड्यातच सांगितलं होतं."

म्हणजे इतकी वर्षं फसला तो एकटाच, आणि आजूबाजूच्या गावांतले बचावपटू.

पुढच्या मोसमात त्याने आपणहून बचावात जागा मागितली. आता समोर गाजावाजा झालेला नवा फॉरवर्ड आला, की धम्मपाल त्याला दहा मिनिटं मोकळा सोडतो आणि लांबून निरखतो. असली माणसं आपण बरोबर ओळखतो, असं त्याचं म्हणणं.

मागच्या रविवारी त्या दहा मिनिटांत दोन गोल झाले.