पहिलं पान घरी

दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले आणि मी झाडांची वकील झाले. तेव्हा पंचेचाळिशीची होते, म्हणजे आजच्या मानानं पोरगीच. शाळेत मराठी शिकवायचे. मुलांकडून जुन्या वह्या गोळा करायच्या, वाळूजच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्याचा टेम्पो त्या नेणार आणि बदल्यात करड्या कागदाच्या कोऱ्या वह्या देणार, अशी योजना मी परिपाठाला जाहीर केली. भाषण इतकं सुंदर झालं की पाचवीतल्या दोन मुली एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या.

प्रत्येक मजल्यावर एक हिरवा डबा ठेवला. त्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'जुन्या वह्या इथे टाका.' त्या अक्षराचा मला कोण गर्व!

महिनाभरात डब्यांत वेफर्सची पाकिटं आली, अर्धे खाल्लेले पेरू आले, एकदा तर एकच चप्पल आली. वही मात्र एक नाही. टेम्पो दोनदा आला, दोनदा रिकामा गेला. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "सहामाहीपर्यंत बघू. तिसऱ्यांदा रिकामा गेला तर टेम्पो काही परत यायचा नाही. मग ते डबे गच्चीवर टाकून द्या."

मी काय केलं, तर मुलांना रागावले. आळशी म्हणाले, बेजबाबदार म्हणाले. मुलं बिचारी माना खाली घालून ऐकत राहिली.

शाळा झाडायला बिडकीनहून एक मावशी येत. माझ्याहून बऱ्याच लहान, पण जिभेला धार. त्या दिवशी वर्ग झाडता झाडता थांबल्या.

"बाई, तुमच्या टाचणवह्या कुठंयत?"

उद्या काय शिकवायचं ते आम्ही शिक्षक ज्यात लिहून ठेवतो, ती टाचणवही.

"घरी, कपाटात."

"किती वर्साच्या?"

"सगळ्या."

"मग डब्यात एकबी दिसंना ती?"

"अहो मावशी, त्या कशा टाकायच्या?"

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. स्वतःचं वाक्य कानात शिरायला मला जरा वेळ लागला. मराठीची शिक्षिका ना.

"वहीला पाय लागला तरी लेकरं पाया पडत्यात," त्या म्हणाल्या. "ती टाकतील व्हय? अन् पहिलं पान बघा एकेकाचं. कुणी श्री लिहितं, कुणी सातशे शहाऐंशी, कुणी नमो बुद्धाय. ते पेरूच्या चोथ्यात जाऊ द्यायचं?"

"मग काय करू?"

"लई काय नाय. डब्यावरचं 'टाका' पुसा, 'ठेवा' लिहा. डबा जमिनीवरून उचलून स्टुलावर मांडा. अन् पहिलं पान ज्याचं त्याला द्या."

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मावशी पायरीवर बसल्या आणि पहिली वही माझीच ठेवायला लावली. पहिलं पान शिवणीपासून अलगद सोडवून माझ्या हातात दिलं. मुलं लांबून बघत होती. मग सहावीतली एक मुलगी आली, तिच्या मागून तिची बहीण, मग रांगच लागली. तिसऱ्या खेपेला टेम्पोचं मागचं फळकं लागेना, दोरीनं बांधावं लागलं.

तेव्हापासून शनिवार चुकलेला नाही. मी निवृत्त झाले, तरी वह्या मोजून बांधायला जाते. आता नात त्याच शाळेत आहे. घरी मी पेपर भिरकावला की म्हणते, "आजी, टाकू नको. ठेव."

यंदा मावशीही निवृत्त झाल्या. त्यांच्या शेवटच्या शनिवारी मी पिशवीतून माझी नोकरीच्या पहिल्या वर्षाची टाचणवही काढून त्यांच्या हातात दिली. बाकीच्या कधीच गेल्या होत्या, ही तेवढी मी साड्यांखाली लपवली होती.

"आणली व्हय शेवटी," मावशी म्हणाल्या. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

आता पायरीवर कोण बसणार, हा प्रश्न मोठ्या बाईंच्या जागी आलेल्या नव्या बाईंना पडला होता. मी म्हणाले, मी बसते. मावशींनी वही माझ्याच हातात परत दिली. "मग फाडून दाखवा."

मी पान धरलं. वर श्री, खाली तेच मिरवणारं अक्षर. ओढलं, तर पान कोपऱ्यात वाकडं फाटलं.

मावशींनी ते घेतलं, फाटलेली कड बोटानं सरळ केली आणि माझ्या पर्समध्ये ठेवलं.

"शिकाल हळूहळू," त्या म्हणाल्या आणि शेजारी सरकून मला जागा दिली.