सासूबाईंचे केस कापले कुणी?

सासूबाई दारातून आत आल्या आणि चपला काढायला वाकल्या. त्यांची मान दिसताच थोरल्या सुनेच्या काळजात चर्र झालं. सकाळपर्यंत पाठीवर रुळणारी वेणी गायब होती. त्या जागी मानेलगत बेतून कापलेले पांढरे केस होते, इतके सफाईदार की नजर हटू नये. कुणाची कात्री चालली, हे विचारायची गरजच नव्हती. त्या हाताला कात्री धरायला तिनंच तर शिकवलं होतं.

"कुठं जाऊन आलात आई?"

"बाजारात गेले होते. वाटेत धाकटीचं सलून लागलं."

"बाजार या टोकाला, सलून त्या टोकाला."

"मग उलट्या वाटेनं गेले असेन," असं म्हणून सासूबाई पाणी प्यायला आत गेल्या.

थोरली बारा वर्षं एका मोठ्या सलून कंपनीत केस कापत होती. कंपनीच्या शहरभर शाखा होत्या. सगळीकडे त्याच राखाडी भिंती, तेच गोल आरसे आणि दिवसभर वाजणारं तेच संगीत. सहा वर्षांपूर्वी धाकटी जाऊ घरात आली, तेव्हा ती नोकरी शोधत होती. थोरलीनंच मॅनेजरच्या हातापाया पडून तिला केस धुवायच्या कामावर लावलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना प्लॅस्टिकच्या डोक्यावर खोटे केस बसवून तिला एकेक बट पकडायला शिकवलं. आता ती धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळी राहत होती, तिथल्याच नव्या शाखेत कापत होती, आणि त्या शाखेच्या काचेवर तिचा हसरा, पुरुषभर उंचीचा फोटो लागला होता. थोरलीचा फोटो कुठं होता? ओळखपत्रावर. तोही डोळे मिटलेला.

हे सगळं तिनं गिळलं होतं. पण सासूबाईंचं डोकं तिचं होतं. बारा वर्षं दर दोन महिन्यांनी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून, त्यांच्या केसांची टोकं तीच कापत आली होती. एकाच घरात राहून म्हातारीनं शहर ओलांडून जावं? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "केसच आहेत, वाढतील परत." त्या दिवसापासून तिनं नवऱ्याशीही बोलणं कमी केलं.

आठवडाभर तिचं कामात लक्ष लागेना. एका बाईंची बट बोटभर जास्त कापली गेली आणि माफी मागावी लागली. अखेर सुट्टीच्या दिवशी तिनं आपलं नाव कळू नये म्हणून नवऱ्याचा फोन नंबर देऊन नव्या शाखेत वेळ घेतली. धाकटीच्या हातात असं काय सोनं लागलंय, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. खरं सांगायचं तर खोट काढायची होती.

"ताई! तुम्ही? माझ्याकडे?" धाकटी गोंधळली.

"का? माझ्या डोक्याला काटे आहेत?"

धाकटीनं तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. मग कंगवा तिच्याच हातात दिला. "रोज विंचरता तसं विंचरा जरा."

थोरलीनं विंचरलं. धाकटी बघत राहिली, मग कापायला लागली. थोरली आरशातून डोळ्यांत तेल घालून पाहत होती. बोटांतलं अंतर, कात्रीचा कोन, मानेचा कल, कुठंच बोट ठेवायला जागा नव्हती. शेवटी तिला राहवलं नाही.

"आईंना वेणी कापायला तूच सांगितलंस ना?"

"नाही हो. त्यांच्या हातात कंगवा दिला, तर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डाव्या हातानं उजवा उचलत होत्या. मग विचारलं, तेव्हा म्हणाल्या, वेणी घालताना डोळ्यांत पाणी येतं, कापूनच टाक. तुम्हाला सांगू नकोस म्हणाल्या. तुम्ही रजा काढून दवाखान्यात धावाल म्हणून."

रोज सकाळी थोरली डबा भरत असायची आणि सासूबाई पाठमोऱ्या वेणी घालत असायच्या. तिनं एकदाही वळून पाहिलं नव्हतं. केस कापताना तर तीच विंचरून द्यायची, पटकन उरकावं म्हणून.

"हे तुमच्याकडूनच शिकले मी," धाकटी म्हणाली. "माणूस कसा विंचरतो ते आधी बघायचं. पहिल्याच महिन्यात सांगितलं होतंत."

त्या कौतुकानं थोरलीला बरं वाटायला हवं होतं. पण तिच्या अंगाची लाहीलाही झाली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच रजा काढली आणि सासूबाईंना दवाखान्यात नेलं. खांदा आखडला होता. डॉक्टरांनी भिंतीला बोटं लावून हात वर न्यायचा व्यायाम दिला. थोरली तो रोज सकाळी स्वतः उभी राहून करून घेते. "अजून दोन बोटं वर," ती म्हणते, आणि सासूबाई तिला मास्तरीण म्हणून चिडवतात. हात आता कपाळापर्यंत जातो. पण आखूड केसांची चटक लागली ती लागलीच. दर दीड महिन्यानं त्या धाकटीकडेच जातात. थोरली त्यांना रिक्षातून सोडते आणि काचेवरच्या त्या फोटोकडे न बघता परत येते. जळणं संपलेलं नाही. विचारलंत तर ती नाही म्हणेल, एवढंच.

परवा तिच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई आरशातून तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

"तुमचे केस कुणी कापले हो? काय सुरेख बसलेत!"

"माझ्या जावेनं," थोरली म्हणाली.

"अय्या! कुठं असते ती?"

"तिला अजिबात वेळ नसतो," थोरलीनं कापड झटकलं. "मान सरळ ठेवा."