कात्री कोणाच्या हातात

चहाच्या कपाच्या कानाला आज काळ्या दोऱ्याच्या नऊ गाठी दिसल्या. उद्योग अर्थातच माझा. बारा वर्षं ऑपरेशन थिएटरात ब्रदर म्हणून सर्जनच्या हातात हत्यारं देत आलो. आता सर्जनसमोर उभं राहून प्रत्यक्ष ऑपरेशनमध्ये हात लावायचं प्रशिक्षण घेतोय, म्हणून घरात दिसेल त्याला गाठी मारत सुटलोय.

काल पहिली संधी मिळाली. सर्जन मॅडमनी टाक्याची गाठ मारली, दोरा ताणून धरला आणि म्हणाल्या, "कट." मी ऐटीत कात्री उचलली आणि सवयीनं, मूठ त्यांच्याकडे करून, अदबीनं पुढे धरली!

"अहो ब्रदर, कापायचं तुम्ही! पुन्हा असं केलंत तर जा परत हत्यारांच्या ट्रॉलीपाशी."

पाय टेबलापलीकडे पोचले होते, हात मात्र अजून अलीकडेच होते. बढती हातांना बहुधा उशिरा कळते. पण पुढचा दोरा मीच कापला, अगदी बेताचा, आणि मास्कच्या आत वेड्यासारखा हसलो.

"कपाला डिस्चार्ज कधी?" बायकोनं माझ्या हातातल्या कात्रीसाठी हात पुढे केला. "द्या, मी कापते."

माझा हात निघालाच होता. त्याला अर्ध्यात थांबवलं.

"अहं," म्हटलं, "कापायचं मी."